गांठ सुटते तेव्हां

आपल्या भाषेंत 'गांठ' हा शब्द मोठा सोयीचा आहे. दोन दोर एकत्र बांधले म्हणजे गांठ. शरीरांत नसावें तेथें मांस वाढलें म्हणजेहि गांठ. आणि दोन माणसें भेटलीं म्हणजेहि त्यांची गांठ पडली असेंच आपण म्हणतों. कर्करोगाविषयीं बोलतांना सामान्य माणसाच्या मनांत यांपैकीं दुसराच अर्थ असतो. गांठ आहे काय, केवढी आहे, दुखते काय, एवढेच त्याचे प्रश्न. परंतु गेल्या सवाशें-दीडशें वर्षांत शास्त्रज्ञांनीं जें हुडकून काढलें त्याचें सार पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, ही दुसऱ्या अर्थाची गांठ प्राणघातक होते ती बहुधा पहिल्या अर्थाची गांठ सुटल्यामुळें. शरीरांत पेशी पेशीस धरून असते. तें धरणें सैल पडलें म्हणजे रोग आपली जागा सोडतो, आणि त्यानें जागा सोडली म्हणजे शस्त्र व औषध यांची धांव अपुरी पडूं लागते. पेशी एकमेकींस कशानें धरतात, तें धरणें सुटतें कसें, आणि सुटल्यावर नेमकें काय होतें, या तीन प्रश्नांचा इतिहास आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा विषय प्रयोगशाळेंतला; त्याचा आर्णीसारख्या गांवाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. आर्णी हा यवतमाळहून नांदेडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचा, अरुणावतीच्या कांठचा, कापसाच्या काळ्या जमिनींत वसलेला तालुक्याचा गांव. येथल्याच नव्हे, तर विदर्भांतील कोणत्याहि गांवच्या पानठेल्यापाशीं घटकाभर उभें राहिलें तर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेल्या खर्ऱ्याच्या पुड्या हातोहात जातांना दिसतात. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. पण खर्रा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घोटला जातो, त्यास कारखाना लागत नाहीं. तो गालांत धरून माणूस दिवसभर राबतो. पुढें कधीं गालाच्या आंतल्या बाजूस पांढरा चट्टा उठतो, तोंड पुरतें उघडेनासें होतें, एखादी जखम महिना महिना भरत नाहीं. दुखत नाहीं म्हणून तिकडे दुर्लक्ष होतें. मग एके दिवशीं दाढी करतांना जबड्याखालीं एक कठीण गांठ हाताला लागते. तोंडांतला रोग मानेंत आला कसा? या साध्या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास जगाला शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि तें शोधण्यांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे.

रोग एका जागेहून दुसऱ्या जागीं जातो हें निरीक्षण जुनेंच आहे. सुश्रुतसंहितेंत अर्बुदाचे प्रकार सांगतांना, पूर्वीच्या अर्बुदावर उठणाऱ्या नव्या अर्बुदास 'अध्यर्बुद' अशी निराळी संज्ञा देऊन तें असाध्यांत गणलें आहे. युरोपांत १८२९ सालीं रेकामिए या फ्रेंच वैद्यानें कर्करोगाच्या स्थलांतरास 'मेटास्टॅसिस' हा शब्द लावला, आणि तो आजतागाईत चालत आला आहे. पण स्थलांतर करतें काय? रक्तांतला दोष, एखादा विषारी रस, कीं रोगाची पेशीच? प्रत्येक पेशी ही पूर्वीच्या पेशीपासूनच निपजते हा सिद्धान्त १८५८ त ठासून सांगणारा जर्मन पंडित फिर्खो, तोहि रोगाच्या फैलावाबाबत मात्र रसाच्याच कल्पनेकडे झुकत असे. १८६९ त ऑस्ट्रेलियांत ॲशवर्थ नांवाच्या डॉक्टरानें कर्करोगानें मेलेल्या एका माणसाच्या रक्तांत त्याच्या गांठींतल्या पेशींसारख्याच पेशी पाहिल्या. प्रवासी कोण याचा तो पहिला प्रत्यक्ष पुरावा होता.

वीस वर्षांनंतर लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं एक मार्मिक प्रश्न विचारला. स्तनाच्या कर्करोगानें मेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यांनीं चाळल्या. त्यांत रोग यकृतांत पोंचल्याचीं उदाहरणें २४१ होतीं. प्लीहेंत पोंचल्याचीं अवघीं १७. रक्त तर दोहोंकडेहि भरपूर जातें. तेव्हां केवळ प्रवाहाबरोबर वाहत जाऊन जेथें अडकलें तेथें रुजलें, असा हा प्रकार नाहीं. बीज आणि जमीन यांचा मेळ बसावा लागतो, असा निष्कर्ष त्यांनीं १८८९ सालीं मांडला. आर्णीच्या शेतकऱ्यास हें समजावून सांगावें लागणार नाहीं. सरकी कोणत्याहि मातींत टाकली म्हणून उगवत नाहीं, हें तो पिढ्यान् पिढ्या जाणतो. परंतु पॅजेट यांनीं बीज व जमीन यांचा विचार केला; बोंड फुटतें कसें आणि बी त्यांतून सुटतें कसें, याचा विचार व्हावयाचा राहिला.

त्याचें पहिलें सूत्र रुग्णालयांत नव्हे, तर समुद्रकांठीं सांपडलें. विल्सन नांवाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें १९०७ सालीं जिवंत स्पंज तलम रेशमी कापडांतून पिळून काढला. पेशी सुट्या होऊन समुद्राच्या पाण्यांत पसरल्या. थोड्या वेळानें त्या सरपटत एकमेकींकडे येऊं लागल्या, बिलगल्या, आणि त्यांच्या पुंजक्यांतून नवे स्पंज तयार झाले. वस्त्रगाळ केलेल्या चूर्णानें आपण होऊन पुन्हां मुळी व्हावें, तसा हा चमत्कार होता. पुढें १९५५ त टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनीं बेडकाच्या वर्गांतील प्राण्यांच्या गर्भपेशी सुट्या करून मिसळल्या, तेव्हां त्याहि आपापली जात ओळखून निरनिराळ्या थरांत बसल्या. म्हणजे पेशींचें धरणें हा कांहीं सरसकट डिंक नव्हे. त्यांत ओळख आहे, निवड आहे.

या दोन प्रयोगांच्या मध्यें, १९४४ सालीं, एक अशी गोष्ट घडली कीं जिच्याकडे इतिहासकाराचें लक्ष गेल्यावांचून राहूं नये. 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकन मासिकाच्या त्या वर्षाच्या चौथ्या खंडांत दोन लेख छापले गेले. एक होता मुंबईचा, दुसरा फिलाडेल्फियाचा. दोन्हींचा विषय बाहेरून पाहतां अगदीं भिन्न. आणि तरीहि, आज मागें वळून पाहतां, ते एकाच प्रश्नाचे दोन अर्धे भाग होते.

मुंबईचा लेख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढल्या वर्षीं दोराबजीहि गेले. त्यांच्या विश्वस्त निधींतून परळ येथें उभारलेलें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि लंडनला विकृतिशास्त्राचें शिक्षण घेऊन आलेले खानोलकर तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख झाले. त्यांनीं मुखकर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या १००० रुग्णांचा आढावा घेतला. रोगाची जागा कोणती आणि माणसाची संवय कोणती, यांची सांगड घालून पाहणें ही त्यांची दृष्टि. पुढल्याच वर्षीं, १९४५ त, एका सहकाऱ्यासह त्यांनीं चालीरीतींशीं निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले. त्यांतला एक कमरेला धोतर वर्षानुवर्षें करकचून बांधल्यामुळें तेथील कातडीस होणारा. रोग दैवानें येतो ही समजूत सर्वत्र असतां, तो कोणास होतो आणि कां होतो हें रुग्णांच्या राहणींतून शोधून काढणें, हें त्या काळीं मोठेंच काम होतें.

फिलाडेल्फियाचा लेख पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील डेल रेक्स कोमन यांचा. तोंडाचा, ओठाचा व कातडीचा कर्करोग बहुधा ज्या जातीचा असतो, त्याच जातीच्या पेशी त्यांनीं घेतल्या. सूक्ष्मदर्शकाखालीं एकमेकींस चिकटलेल्या दोन पेशी दोन बारीक कांचेच्या सुयांनीं ओढून विलग करावयाच्या, आणि तसें करतांना सुई किती वांकते त्यावरून जोर मोजावयाचा, अशी त्यांची युक्ति. निरोगी पेशींची जोडी ताणली तरी लवकर सुटत नसे. रोगट पेशींची जोडी थोडक्याच जोरानें सुटे. कर्करोगाच्या पेशींचें परस्परांस धरणें कमी झालेलें असतें, हें प्रथमच मोजून दाखविलें गेलें. त्यांच्या प्रयोगशाळेंतून पुढें कॅल्शियमच्या उणिवेकडेहि बोट दाखविण्यांत आलें. कारण कॅल्शियम काढून घेतलें कीं निरोगी पेशीहि ढिल्या पडत.

येथें एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, कीं खर्ऱ्यांत तर चुना असतो, आणि चुना म्हणजे कॅल्शियमच. मग तो उपकारकच कां नसावा? तसें नाहीं. पेशींस लागणारें कॅल्शियम त्यांच्याभोंवतींच्या द्रवांत रक्तावाटे ठराविक प्रमाणांत येतच असतें. गालांत ठेवलेला चुना बंध घट्ट करीत नाहीं. त्याचा दाहक क्षार कोंवळी त्वचा पोळतो आणि सुपारींतील घातक द्रव्यांस मोकळी वाट करून देतो. सुपारी तंबाखूवांचूनहि कर्करोगकारक आहे असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केला आहे.

असो. एका खंडांत छापल्या गेलेल्या त्या दोन लेखांची खरी गांठ पडावयास साठ वर्षें लागलीं. याचें कारण उघड आहे. एकाजवळ हजार माणसें होतीं, दुसऱ्याजवळ दोन सुया. पेशीस पेशीशीं जोडणारी वस्तु कोणाजवळच नव्हती. बंध सैल होतो हें कळलें, पण बंध म्हणजे काय हें कळल्यावांचून खानोलकरांच्या रुग्णाच्या गालांत काय बिघडलें हें सांगतां येत नव्हतें.

मध्यंतरीं मुंबईंत एक महत्त्वाचें साधन आलें. पुण्यास १९१७ सालीं जन्मलेल्या व फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं संशोधन करून १९४९ त मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, आणि त्या बाल्टिमोर येथें जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेंत गेल्या. मानवी कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढवीत ठेवण्यांत १९५१ सालीं यश मिळविणारे ते हेच गाय. १९५२ त खानोलकरांनीं परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापलें, आणि परत आलेल्या रणदिवे यांनीं तेथें पेशी कांचेच्या भांड्यांत वाढविण्याची देशांतील पहिली प्रयोगशाळा उभारली. भांड्यांत पेशी वाढवूं लागलें कीं पहिला धडा मिळतो तो हाच, कीं बहुतेक निरोगी पेशी तळाशीं घट्ट धरल्यावांचून वाढतच नाहींत. नुसत्या तरंगत ठेवल्या तर त्या मरतात. या मरणास १९९४ सालीं 'अनोइकिस' असें नांव मिळालें. ग्रीक भाषेंत त्याचा आशय घर नसणें असा आहे. कर्करोगाची पेशी मात्र कांहीं न धरतांहि जगते आणि वाढते. शरीरानें घातलेला नियम असा, कीं घर सुटलेल्या पेशीनें जगूं नये. आणि हा रोग मोडतो तो नेमका हाच नियम.

बंधाची वस्तु सांपडली ती जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांस. आणि तीहि एका अडचणींतून. क्योतोहून ते बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेच्या गर्भविज्ञान विभागांत कामास आले. पेशी सुट्या करण्यासाठीं दोन्हीकडे ट्रिप्सिन हें पाचक द्रव्य वापरीत. पण क्योतोस सुट्या केलेल्या पेशी पुन्हां चिकटत, आणि बाल्टिमोरला चिकटेनात. शोध घेतां कळलें कीं, बाल्टिमोरच्या द्रावणांत कॅल्शियम शोषून घेणारें एक रसायन मिसळलेलें होतें. त्यावरून त्यांनीं ताडलें कीं, पेशीच्या पृष्ठभागावर असें एक प्रथिन असलें पाहिजे कीं जें कॅल्शियम असेपर्यंत ट्रिप्सिनला दाद देत नाहीं, आणि कॅल्शियम जातांच दुबळें होऊन कापलें जातें. १९७७ सालीं हें काम प्रसिद्ध झालें. १९८४ त त्या प्रथिनास 'कॅडहेरिन' हें नांव मिळालें. त्याच सुमारास फ्रान्स, जर्मनी व अमेरिका येथील संशोधकहि निरनिराळ्या वाटांनीं याच वस्तूपाशीं येऊन पोंचले होते.

या प्रथिनाचें काम कसें चालतें तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. प्रत्येक पेशीच्या भिंतीबाहेर कॅडहेरिनचे हात आलेले असतात. शेजारच्या पेशीच्या तशाच हातांत ते अडकतात. हाताच्या सांध्यासांध्यांत कॅल्शियमचे कण बसून त्यास ताठ ठेवतात. कण गेले कीं हात लुळा पडतो. भिंतीच्या आंत हा हात 'कॅटेनिन' नांवाच्या प्रथिनांच्या साखळीनें पेशीच्या सांगाड्यास बांधलेला असतो. यांतलेंच एक कॅटेनिन मोकळें झालें तर पेशीच्या गाभ्यांत जाऊन वाढीचे हुकूम सोडूं शकतें. याखेरीज कातडी व तोंडाचें अस्तर यांसारख्या घांसल्या जाणाऱ्या जागीं 'डेस्मोसोम' नांवाचीं बिरडीं असतात. एकोणिसाव्या शतकांतच इटलीच्या बिझोझेरो यांनीं तीं सूक्ष्मदर्शकांतून टिपलीं होतीं; १९२० त त्यांस हें नांव मिळालें. आणि पेशी ज्या पायावर उभी असते तो पाया धरणारीं प्रथिनें तीं 'इंटिग्रिन'; त्यांचें नामकरण १९८६ सालचें. शेजाऱ्यास धरणारे हात निराळे आणि जमीन धरणारे पाय निराळे, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील कथा समजण्यास पुरे.

पुढील पुरावे झपाट्यानें आले. १९९१ सालीं बिर्खमायर व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, ज्या कर्करोगपेशींतून ई-कॅडहेरिन नाहींसें झालें आहे त्या शेजारच्या ऊतींत घुसतात. त्यांस तें परत दिलें तर घुसणें थांबतें. १९९८ त उंदरांवरील प्रयोगांत साध्या गांठीचा कर्करोग होण्याच्या वळणावरच या प्रथिनाचा ऱ्हास कारणीभूत होतो असें सिद्ध झालें. त्याच वर्षीं न्यूझीलंडमध्यें, पिढ्यान् पिढ्या पोटाच्या कर्करोगानें तरुण माणसें गमावणाऱ्या एका माओरी कुटुंबानें स्वतः पुढाकार घेऊन शास्त्रज्ञांस गांठलें, आणि त्या कुटुंबांत आनुवंशिकतेनें उतरलेला दोष ई-कॅडहेरिनच्याच जनुकांत आहे असें आढळून आलें. आतां अशा कुळांतील दोषवाहक व्यक्तीस रोग होण्यापूर्वींच जठर काढून टाकून जीव वांचवितां येतो. बंधाचें शास्त्र माणसाच्या प्रत्यक्ष उपयोगास आलें, याचें हें पहिल्या प्रतीचें उदाहरण होय.

बहुतेक रुग्णांत मात्र हें जनुक मोडलेलें नसतें. त्याचें तोंड दाबलेलें असतें. २००० सालीं स्पेनमधील दोन संशोधकमंडळांनीं 'स्नेल' नांवाचें प्रथिन हें काम करतें असें दाखविलें. आणि हें स्नेल कोठून आलें? गर्भांत. भ्रूणाचीं अंगें घडत असतां कांहीं पेशींस आपली जागा सोडून दूर जावें लागतें. तेवढ्या वेळापुरतें स्नेल त्यांचे हात सोडवितें. जन्मापूर्वीं शरीर घडविणारी तीच विद्या रोग उतारवयांत चोरून वापरतो.

हीच गांठ महाराष्ट्रांतहि उकलली जात होती. खानोलकरांच्या केंद्राचा वारसा सांगणारी टाटा स्मारकाची संशोधनशाखा २००२ सालीं खारघर येथें नव्या वास्तूंत गेली. तेथें डॉ. सोराब दलाल यांच्या गटानें डेस्मोसोममधील 'प्लॅकोफिलिन-३' या प्रथिनाचा पिच्छा पुरविला. २००८ त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामांत असें दिसलें कीं, हें एक प्रथिन कमी केलें तर पेशींचें परस्परांस धरणें कमी होतें, त्यांची हालचाल वाढते, आणि उंदरांत रोग दूरवर पसरतो. कोमन यांनीं जें सुयांनीं ओढून मोजलें होतें, तें आतां एका बिरड्याचें नांव घेऊन सांगतां आलें. आणि तें सांगितलें खानोलकरांच्या परंपरेंतील संस्थेनें. १९४४ च्या त्या दोन लेखांची गांठ पडली असें आम्ही म्हणतों तें याच अर्थानें. तेथेंच डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटानें २०११ त मुखकर्करोगाच्या पेशींतील केराटिन प्रथिनें व पाया धरणारें इंटिग्रिन यांचा संबंध उलगडला. त्यांस आढळलें तें मात्र उलट दिशेचें होतें. केराटिनांची एक जोडी काढून घेतली तर इंटिग्रिनचें काम बदलतें आणि पेशींचा रोगटपणा कमी होतो.

हा उलटा निकाल वाचकांनीं नजरेआड करूं नये. कारण आपली सर्वांची बुद्धि येथेंच फसण्याचा संभव आहे. बंध म्हणजे चांगला, सुटणें म्हणजे वाईट. एकी म्हणजे आरोग्य, फुटीरपणा म्हणजे रोग, अशी उपमा कोणाहि सुशिक्षित माणसाच्या मनांत तात्काळ उभी राहते. ती इतकी मोहक आहे कीं व्याख्यानांत ती टाळ्या घेऊन जाईल. परंतु निसर्ग आपल्या उपमांस बांधलेला नाहीं. २०१४ सालीं असें दिसून आलें कीं, रक्तांतून एकेकट्या जाणाऱ्या कर्करोगपेशींपेक्षां एकमेकींस धरून पुंजक्यानें जाणाऱ्या पेशी दुसरीकडे रुजण्यास कितीतरी अधिक समर्थ असतात. आणि २०१९ त, पुन्हां बाल्टिमोर येथेंच, वीणा पद्मनाभन, अँड्र्यू एवाल्ड व त्यांचे सहकारी यांनीं स्तनाच्या कर्करोगावरील प्रयोगांत दाखविलें कीं, ई-कॅडहेरिन काढून टाकलें तर पेशी अधिक घुसखोर होतात खऱ्या. पण प्रवासांत त्या मोठ्या संख्येनें मरतात, आणि नव्या जागीं वसाहत करण्यास तर त्यांस तेंच कॅडहेरिन हवें असतें. म्हणजे घर सोडतांना जे हात सोडावयाचे, तेच वाटेंत आणि नव्या घरीं पुन्हां धरावयाचे. रोग बंध नुसता तोडीत नाहीं. सोय पाहून तो सोडतो आणि बांधतोहि.

तेव्हां सुटलेल्या पेशी पुन्हां चिकटविणारें एखादें औषध निघेल आणि रोग जागच्या जागीं खिळून राहील, ही आशा जपून बाळगिली पाहिजे. ज्या रुग्णाच्या शरीरांत पेशींनीं आधींच घर सोडलें आहे, त्यास तें औषध नवीं घरें वसविण्यासच मदत करावयाचें. हें शास्त्राचें अपयश नव्हे. कोणत्या वेळीं कोणता बंध उपकारक आणि कोणता अपकारक, एवढा सूक्ष्म विवेक आतां करतां येऊं लागला आहे, हीच मोठी प्राप्ति आहे.

या साऱ्या इतिहासांतून एक गोष्ट मात्र निर्विवाद निघते, आणि तिचा पुरावा मुंबईच्याच रुग्णांनीं दिला आहे. मुखकर्करोग लवकरच्या अवस्थेंत आहे, मानेंत हाताला गांठ लागत नाहीं, अशा रुग्णाच्या मानेंतील रसग्रंथि पहिल्याच शस्त्रक्रियेंत काढाव्या, कीं गांठ दिसेपर्यंत वाट पाहावी, हा वाद जगभर अनेक दशकें चालू होता. टाटा रुग्णालयांत डॉ. अनिल डिक्रूझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ पासून अशा रुग्णांचे दोन गट करून ही परीक्षा केली. २०१५ सालीं ५०० रुग्णांचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्या ग्रंथि आधींच काढल्या त्यांपैकीं तीन वर्षांनंतर शेंकडा ८० जिवंत होते. ज्यांच्या बाबतींत वाट पाहिली त्यांपैकीं शेंकडा ६७.५. याचा अर्थ असा, कीं हाताला गांठ लागण्यापूर्वींच कित्येकांच्या पेशींनीं घर सोडलेलें असतें. बोटांना कळतें तें पेशींनीं नव्या जागीं संसार थाटल्यानंतर.

म्हणून आर्णीच्या माणसास या शास्त्राचा उपयोग काय, या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. यकृत किंवा फुप्फुस यांत काय चाललें आहे हें कोणास बाहेरून दिसत नाहीं. पण तोंड हें असें स्थान आहे कीं तेथील बिघाड आरशापुढें, उजेडांत, कवडीहि खर्च न करतां पाहतां येतो. पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम, आखडत चाललेला जबडा, हीं चिन्हें पेशींचे हात अजून बहुतांशीं धरलेले आहेत त्या काळचीं असूं शकतात. त्या वेळीं माणूस यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत गेला तरी त्याच्या बचावाची आशा मोठी असते. जबड्याखालीं गांठ येईपर्यंत थांबून मग त्यानें नागपूर गांठलें, मुंबई गांठली, शेत विकलें, तरी गेलेला वेळ परत मिळत नाहीं. आमच्या घरांतून खर्रा नसेल. पण शेतावर येणारा गडी, दुकानांतला नोकर, शाळेच्या फाटकाशीं उभा असलेला विद्यार्थी यांच्या तोंडांत तो आहे. दुखत नाहीं म्हणून कांहीं झालें नाहीं, ही त्यांची समजूत घालविण्यास कॅडहेरिनचें नांव घेण्याची गरज नाहीं. तोंड एकदां डॉक्टरास दाखवून ये, आणि पुडी टाक, एवढें वेळेवर सांगणारा कोणी जवळचा माणूस त्यांस भेटला पाहिजे. आणि तो आपणांपैकींच कोणी असावा अशी आमची वाचकांस विनंति आहे.